मिरगीची गोळी गावच्या उपकेंद्रात मिळावी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दरवर्षी १७ नोव्हेंबरला राष्ट्रीय अपस्मार दिन पाळला जातो आणि त्या निमित्ताने मिरगीविषयी जे छापले किंवा बोलले जाते, त्यात बहुतेक वेळा शाळकरी मूल डोळ्यांपुढे असते. ते योग्यच आहे. परंतु तिशी-चाळिशी ओलांडल्यावर, शेती, कर्ज आणि मुलांचे शिक्षण अंगावर असताना ज्याला पहिल्यांदा हा आजार असल्याचे सांगितले जाते, त्या माणसाविषयी फारसे कोणी लिहीत नाही. अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातून होते. त्यापुढच्या वयाचा माणूस आपल्या पायांनी दवाखान्यात जाईल, असे गृहीत धरलेले आहे. यवतमाळ जिल्ह्यातील एका खेड्यात कापूस, तूर आणि हरभरा पिकवणारा मी असाच उशिरा निदान झालेला रुग्ण आहे. माझे म्हणणे एवढेच की, निदानापर्यंतची वाट आता पूर्वीइतकी बिकट राहिलेली नाही. खरी अडचण निदानाचा कागद घेऊन माणूस गावात परतल्यावर सुरू होते, आणि ती दूर करणे शासनाला फारसे महागही पडणार नाही.

हा आजार मोठा विचित्र आहे, कारण ज्याला तो होतो त्यालाच त्याची साक्ष देता येत नाही. मला झटक्यातले काहीही आठवत नाही. जे डॉक्टरांना कळले ते माझ्या पत्नीच्या सांगण्यावरून कळले: डोळे वर गेले, अंग ताठ झाले, मग हातपाय झटकू लागले, जीभ चावली गेली, आणि शुद्धीवर आल्यावरही बराच वेळ मी घरच्या माणसांना ओळखत नव्हतो. मेंदूच्या विजेचा आलेख, ज्याला ईईजी म्हणतात, तो मिरगीच्या रुग्णातही कित्येकदा सामान्य निघतो. म्हणून पाहणाऱ्याने नीट सांगितलेली हकिकत किंवा कोणी प्रसंगावधान राखून मोबाइलवर घेतलेले चित्रण कोणत्याही यंत्राइतकेच मोलाचे ठरते. रुग्णासोबत दवाखान्यात गावातला जाणता किंवा वजनदार माणूस पाठवण्याची आपली रीत आहे. या आजारात मात्र ज्याने झटका प्रत्यक्ष पाहिला तोच सोबत गेला पाहिजे, मग तो शेतातला मजूर असो की दहा वर्षांचा मुलगा.

एक झटका आला म्हणजे मिरगी झाली, असेही नाही. साखर किंवा रक्तातले सोडियम एकाएकी उतरले, रोज पिणाऱ्याने दारू अचानक बंद केली, मेंदूत ताप गेला, तरी झटका येतो; कीटकनाशकाच्या विषबाधेतही येतो. २०१७च्या खरिपात आमच्या जिल्ह्यात फवारणीने जी माणसे दगावली, ती आठवण अजून ताजी असल्याने डॉक्टरांनी मला पहिला प्रश्न फवारणीचाच विचारला होता. असे तात्कालिक कारण नसताना, किमान चोवीस तासांच्या अंतराने दोन झटके आले, किंवा एकाच झटक्यानंतर तपासणीत पुढचा धोका स्पष्ट दिसला, तर मिरगीचे निदान केले जाते. प्रौढ वयात ती पहिल्यांदा उद्भवली तर कारण शोधावेच लागते, कारण त्यामागे डोक्याला पूर्वी लागलेला मार, अर्धांगवायूचा झटका, मेंदूतली क्षयाची गाठ किंवा अन्य गाठ असू शकते. पुष्कळांत कारण सापडतही नाही.

माझ्या एमआरआयमध्ये एक लहानशी, चुना धरलेली गाठ दिसली आणि ती फीतकृमीच्या अळीची असल्याचे सांगण्यात आले. हा कृमी डुकराच्या मांसातून पसरतो, हे ऐकून माझ्या घरात जो गोंधळ उडाला तो सांगण्यासारखा आहे, कारण आम्ही माळकरी आहोत आणि आमच्या चुलीवर अंडेही शिजत नाही. माझ्या वडिलांना वाटले की कागद दुसऱ्या कोणाचा तरी आला. पण यातली खरी गोष्ट प्रत्येक गावाने समजून घ्यावी अशी आहे. अर्धवट शिजलेले दूषित मांस खाणाऱ्याच्या आतड्यात फीतकृमी वाढतो. त्या माणसाच्या विष्ठेतून कृमीची अंडी बाहेर पडतात. आणि ती अंडी पाण्यातून, न धुतलेल्या सांभारातून (कोथिंबिरीतून), मुळ्यातून किंवा अस्वच्छ हातांतून दुसऱ्या कोणाच्याही पोटात गेली की अळी रक्तावाटे मेंदूपर्यंत पोहोचू शकते. ज्याने मांसाला कधी हातही लावला नाही, त्यालाही हा आजार होतो तो असा. तेव्हा दोष कोणाच्या ताटाचा नसून गावाच्या हागणदारीचा आहे. ज्या वऱ्हाडात गाडगेबाबांनी हातात खराटा घेऊन गावेच्या गावे झाडली, तिथे नाल्याकाठी बसण्याची सवय अजून पुरती गेलेली नाही, संडास बांधून त्यात सरपण ठेवले जाते, आणि त्याच नाल्याच्या पाण्यावर भाजीचा वाफा भिजतो. माझ्या गाठीतली अळी कधीच मेलेली असल्याने मला कृमीच्या औषधाची गरज नव्हती. पण ती गाठ जो व्रण ठेवून गेली त्यातून झटके येतात आणि त्यासाठी रोजची गोळी घ्यावी लागते.

निदान झाल्यावर गावाने जे केले त्यात माया होती, पण शहाणपण कमी होते. झटका आला की जोडा हुंगवणे, नाकाशी कांदा धरणे, हातात लोखंडाची किल्ली देणे, दातखीळ उघडायला चमचा घालणे हे सगळे आमच्याकडे अजून सुरू आहे. झटका बहुधा एक-दोन मिनिटांत आपोआप थांबतो, म्हणून शेवटी जे केले त्यालाच यश मिळाल्यासारखे वाटते आणि जोड्याची कीर्ती टिकून राहते. प्रत्यक्षात करायचे ते फार थोडे आहे: आजूबाजूची टणक, धारदार वस्तू दूर करावी, डोक्याखाली दुपट्टा ठेवावा, अंग दाबून धरू नये, तोंडात काहीही घालू नये, झटके ओसरले की कुशीवर वळवावे आणि पूर्ण शुद्ध येईपर्यंत पाणीसुद्धा पाजू नये. झटका पाच मिनिटांपेक्षा लांबला, किंवा मध्ये शुद्ध न येता दुसरा सुरू झाला, तर १०८ला फोन करून दवाखाना गाठावा. काही झटक्यांत माणूस पडतही नाही. तो नुसता टक लावून बघतो, ओठ चाळवतो, सदऱ्याशी चाळा करतो आणि विचारले तर उत्तर देत नाही. अशा माणसाला आमच्याकडे प्यालेला किंवा अंगात आलेला समजतात.

अंगात येण्यावरून दुसरा, म्हणजे मांत्रिक-भगताचा रस्ता उघडतो. आम्हालाही तो सुचवण्यात आला आणि सुचवणारे सगळे जवळचे होते, त्यामुळे नाही म्हणणे जड गेले. या राज्यात २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्याने भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला बांधून मारणे, पादत्राणे भिजवलेले पाणी पाजणे, मिरचीची धुरी देणे हे गुन्हे ठरवले आहेत, हे फार थोड्या लोकांना माहीत असते. मला मात्र त्याहून अधिक भीती कागदात बांधून मिळणाऱ्या बिननावाच्या पुड्यांची वाटते. अशा काही पुड्यांच्या तपासणीत झटक्यांची ॲलोपॅथीची औषधेच मिसळलेली आढळली आहेत. रुग्णाला वाटते जडीबुटीने गुण आला, आणि पुडी संपली की औषध एकाएकी तुटल्यामुळे झटक्यामागून झटके येतात. सुरू असलेली गोळी अचानक बंद करणे हे या आजारातले सर्वांत धोक्याचे काम आहे, आणि ते बहुतेक वेळा बरे वाटू लागले म्हणूनच केले जाते.

आता शेतकऱ्याच्या खास अडचणीकडे येतो. गोळी चुकणे आणि झोप बुडणे ही झटका परत येण्याची दोन मोठी कारणे आहेत, असे डॉक्टर बजावून सांगतात. गोळीचे पुढे लिहितो, आधी झोपेचे. नोव्हेंबरपासून हरभऱ्याचे ओलित सुरू होते. कृषिपंपाची थ्री फेज लाइन आमच्या भागात काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री येते, आणि रात्रीची पाळी असली की शेतकरी कडाक्याच्या थंडीत, चिखलात, बॅटरीच्या उजेडात पाणी फिरवत बसतो. ओलित नसेल तेव्हा जागल असते, कारण रात्री शेतात माणूस नसला की रानडुकरे आणि रोही (नीलगायी) उभे पीक झोपवतात. म्हणजे ज्याला डॉक्टरांनी रोज ठरावीक वेळी सात-आठ तास झोपायला सांगितले आहे, त्याचे पोट नेमके जागण्यावर चालते. शिवाय ज्याला कधीही झटका येऊ शकतो असा माणूस रात्री एकटा, बिनकठड्याच्या विहिरीजवळ, ओल्या हातांनी मोटारीचे बटण दाबत असतो. मला हे काम धाकट्या भावाकडे सोपवता आले. ज्याला भाऊ नाही, किंवा ज्याचा भावाशी धुऱ्याचा वाद आहे, त्याने काय करावे, याचे उत्तर कोणत्याही औषधाच्या चिठ्ठीत लिहिलेले नसते. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचा हेतू दिवसा वीज देण्याचा आहे. ती ज्या रोहित्रांपर्यंत अजून पोहोचलेली नाही, तिथे वैद्यकीय दाखला असणाऱ्या शेतकऱ्याला सौर पंपाच्या यादीत आधी घ्यावे, ही मागणी मला अवाजवी वाटत नाही.

मोटारसायकलचा प्रश्नही असाच आहे. वाहन परवान्याच्या अर्जासोबत जे शारीरिक योग्यतेचे स्वयंघोषणापत्र भरावे लागते, त्यात मिरगी किंवा अचानक शुद्ध हरपण्याविषयी विचारलेले असते, आणि तसे विचारणे रास्तच आहे. झटका गाडीवर आला तर आपल्याबरोबर रस्त्यावरचा दुसराही जातो. परंतु ज्या गावात एसटी दिवसातून मोजक्या वेळा येते, तिथे गाडी सोडणे म्हणजे बाजार, बँक, कृषी केंद्र आणि दवाखाना या सगळ्यांसाठी दुसऱ्याच्या सवडीवर जगणे. माझ्या ओळखीतले कित्येकजण आजार लपवून गाडी चालवतात. मी त्यांना दोष देऊ शकत नाही आणि त्यांचे समर्थनही करू शकत नाही. कर्करोग, सिकलसेल अशा आजारांच्या रुग्णांना एसटीच्या भाड्यात सवलत आहे. उपचारासाठी जाणाऱ्या मिरगीच्या रुग्णालाही ती द्यावी, म्हणजे गाडी सोडण्याचा सल्ला पाळणे निदान शक्य तरी होईल.

लपवण्याचे ओझे बायकांवर याहून मोठे असते. चुलीपुढे बसण्यापासून विहिरीवर पाणी शेंदण्यापर्यंत त्यांची सगळी कामे आगीजवळ किंवा पाण्याजवळ असतात. घरात गॅस असला तरी भाकरीसाठी चूल पेटतेच. आणि हा आजार उघड झाला तर माहेरी पाठवले जाण्याची भीती असते. हिंदू विवाह कायद्यात मिरगीचा उल्लेख विवाहाच्या वैधतेला बाधा आणणारी गोष्ट म्हणून होता, तो १९९९च्या दुरुस्तीने काढून टाकण्यात आला, याला आता पाव शतक होऊन गेले. तरीही सोयरीक जुळवताना आणि मोडताना जुनाच समज चालतो. भीतीने लपवून घेतलेल्या गोळ्यांचा आणखी एक धोका आहे. सोडियम व्हॅल्प्रोएट हे झटक्यांवरचे प्रभावी औषध गरोदरपणात बाळाला गंभीर व्यंग आणू शकते, म्हणून मूल होण्याच्या वयातल्या स्त्रीला शक्यतो दुसरे औषध दिले जाते. आणि कार्बामाझेपिन किंवा फेनिटोइन ही झटक्यांवरची दुसरी औषधे सुरू असताना गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम उणावतो. ज्या सुनेने आपला आजारच सासरी सांगितलेला नाही, ती हे कोणाला विचारणार? मात्र दिवस गेले म्हणून घाबरून स्वतःच गोळ्या बंद करणे हे बाळ आणि आई दोघांनाही घातक असते, हे इथे लिहिलेच पाहिजे. डॉक्टरांच्या सल्ल्याने औषध बेतले तर बहुतेक स्त्रियांची बाळंतपणे नीट पार पडतात.

मन खचते, हेही नमूद करतो. निदानानंतरचे काही महिने माझे चित्त कशात लागत नव्हते आणि चिडचिड वाढली होती. त्यातला काही भाग दुःखाचा होता आणि काही चक्क गोळीचा. लेव्हेटिरासेटाम घेणाऱ्या काहींना असा त्रास होतो, आणि डॉक्टरांना सांगितल्यावर औषध बदलता येते. ज्या भागात शेतकऱ्याच्या खचलेल्या मनाचे परिणाम आपण वर्षानुवर्षे पाहत आलो आहोत, तिथे ही गोष्ट लाजून झाकून ठेवणे परवडणारे नाही. मानसिक आधारासाठीच्या टेलिमानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक कोणत्याही फोनवरून लागतो.

आता गोळीचे. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार योग्य निदान आणि उपचार मिळाले तर या आजाराचे सुमारे ७० टक्के रुग्ण झटक्यांपासून मुक्त राहू शकतात. हे करणारी औषधे नवी नाहीत. फेनोबार्बिटोन तर १९१२पासून वापरात आहे. फेनिटोइन, कार्बामाझेपिन, व्हॅल्प्रोएट आणि लेव्हेटिरासेटाम ही सगळी देशाच्या २०२२च्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत. औषध मात्र काही वर्षे, आणि काहींना जन्मभर, एकही दिवस न चुकवता घ्यावे लागते. निदान करणाऱ्या मोठ्या दवाखान्यात महिन्याभराची गोळी मिळते. पुढच्या महिन्यासाठी पुन्हा तिथेच जायचे म्हणजे एक दिवसाची मजुरी, भाडे आणि सोबतच्या माणसाचाही दिवस. जवळच्या केंद्रात गेलो तर कधी साठा नसतो, कधी शक्ती वेगळी असते, कधी त्याच आजाराची म्हणून दुसरीच गोळी हातावर ठेवली जाते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचा आधार मोठा आहे, पण तो मुख्यतः दाखल होणाऱ्या रुग्णासाठी आहे. महिन्याची गोळी त्यात बसत नाही. अशा फेऱ्यांत चार दिवस गोळी चुकते आणि वर्षभर न आलेला झटका सोयाबीन काढणीच्या ऐन हंगामात येतो.

रक्तदाब आणि मधुमेहाच्या बाबतीत हा प्रश्न आपण पुष्कळ अंशी सोडवला आहे. आमच्या उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी असतात, नोंदवही असते, महिन्याची गोळी मिळते आणि जो आला नाही त्याच्या घरी आशाताई चौकशीला जातात. त्याच वहीत मिरगीच्या रुग्णाचे एक पान वाढवावे, एवढीच माझी मागणी आहे. त्यासाठी नवी इमारत लागत नाही आणि गावागावात मेंदूचे डॉक्टरही लागत नाहीत. आरोग्यवर्धिनी (आता आयुष्मान आरोग्य मंदिर) म्हटल्या जाणाऱ्या अशा केंद्रांसाठी केंद्र सरकारने काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत मानसिक व मज्जासंस्थेच्या आजारांची काळजी गावपातळीवर घेण्याचे म्हटले आहे आणि त्यात मिरगी आहे. औषध एकदा नागपूरच्या किंवा सेवाग्रामच्या तज्ज्ञांनी, अथवा जवळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाने ठरवून दिले की पुढची चिठ्ठी तीच राहते. मात्रा बदलायची वेळ आली तर ई-संजीवनी या सरकारी ऑनलाइन सल्लासेवेवरून उपकेंद्रातूनच डॉक्टरांशी बोलता येते. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचे पथकही याच कामाला जोडता येईल. मात्र मिरगी हा वेड्याचा आजार नाही, हे पथक येईल त्या दिवशी रांगेत उभ्या राहणाऱ्याला आणि त्याच्याकडे पाहणाऱ्यालाही सांगावे लागेल.

जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागाने आपल्या प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात झटक्यांवरची कोणती औषधे, कोणत्या शक्तीची आणि किती दिवस पुरतील इतकी शिल्लक आहेत, याचा तक्ता दर महिन्याला ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावा. तक्ता लागला की कुठे गोळी संपत आली आहे ते रुग्णालाही आठवडाभर आधी कळेल आणि तो तेवढ्यात जनऔषधी केंद्र गाठू शकेल. आपल्या दैनिकाच्या जिल्हा पानावरून या मागणीचा पाठपुरावा व्हावा, ही विनंती.

आपला,
एक शेतकरी वाचक,
जि. यवतमाळ